हायवेवरची तक्रार

पोलिसांची गाडी पुन्हा आलीच. त्र्यंबकरावांनी लिफ्ट मागायला काढलेला अंगठा घाईघाईनं जाकिटाच्या खिशात कोंबला, जणू खिशात घातला की तो मुळी दाखवलाच नव्हता! वय एकोणऐंशी, युनिव्हर्सिटीतून मानानं रिटायर झालेला माणूस, आणि चोरून चिंचा पाडताना सापडल्यासारखा उभा. घड्याळात पावणेबारा. बाराला लतिकाबाईंपुढे ताट येणार, आणि त्या त्याला हात लावणार नाहीत.

लतिकाबाईंना विसरण्याचा आजार जडला, तेव्हापासून त्या आठ मैलांवरच्या वृद्धांच्या होममध्ये होत्या. त्र्यंबकराव रोज दुपारी गाडी काढून जायचे, शेजारी बसून भरवायचे. त्यांच्या हातचे चार घास तरी पोटात जायचे. वर बाई त्यांना म्हणायच्या, "थँक यू, डॉक्टर." पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोच्या तोंडून हे ऐकायचं म्हणजे काय, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मग तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी गाडी नेऊन आदळली शेजाऱ्यांच्या मेलबॉक्सवर. झालं! लेक सावनी सांता क्लाराहून धावत आली, गाडी विकून परत गेली. उबर तिच्याच अकाउंटवर. इकडे बोलावली रे बोलावली की तिकडून फोन. आज सकाळीही तेच. "बाबा, शनिवारी शेजारचा ओजस नेतो ना तुम्हाला? रोज कशाला दगदग? आईला कुठे कळतंय, तुम्ही आलात की नाही ते! इकडे या आता कायमचे. आज संध्याकाळपर्यंत हो म्हणा, मी तिकीट बुक करते."

राग आला होता त्यांना. पण रागापेक्षा वाईट म्हणजे, पोरगी खरं बोलत असेल अशी धास्ती बसली होती. खरंच कळत नसेल तर इथं राहायचं तरी कशाला? जीव कशात म्हणून लागत नव्हता.

म्हणून हा हायवे. त्र्याहत्तर साली गाडी नव्हती, तेव्हा लॅबमधून ते असाच अंगठा दाखवत घरी यायचे. लतिका खिडकीशी बसलेली असायची, कितीही उशीर होवो, उपाशी. तेव्हा कधी कुणी हटकलं नाही. आता हायवेला चढायच्या रॅम्पवर लिफ्ट मागायला बंदी, तशी पाटीच ठोकलीय. परवा आणि काल, दोन्ही दिवशी ते उभे राहिले आणि दहा मिनिटांत हा ऑफिसर डॉयल हजर! दोन्ही वेळा त्यानं समज दिली आणि उचलून थेट घरी आणून सोडलं. नक्की कुणीतरी चुगली करत होतं. समोरच्या घरातली बाई? का सावनीनंच कुणाला सांगून ठेवलंय?

"सर, तिसरा दिवस," डॉयल उतरत म्हणाला.

"फाडा पावती! कोर्टात न्या!" त्र्यंबकरावांचा आवाज चिरकला. "पण आधी सांगा, माझ्या वाईटावर टपलंय कोण? कोण करतं तक्रार?"

डॉयलनं मागचं दार उघडलं. ते धुसफुसत बसले. खिशात फोन थरथरायला लागला. सावनीच असणार. त्यांनी तो उचलला नाही. गाडी सुरू झाली, आणि घराकडे वळायच्या ऐवजी हायवेला लागली.

"रोज साडेअकराला नाइन-वन-वनला फोन येतो," डॉयल सांगू लागला. "दोन आठवडे आम्ही कानाआड केला. परवा म्हटलं, बघावं तरी जाऊन. तर तुम्ही खरोखरच उभे! काल तुमचं आडनाव कळलं, फोनवर सांगतात तेच, तेव्हा शोध घेतला. फोन होममधून येतो. एक म्हाताऱ्या बाई करतात."

त्र्यंबकरावांनी पुढच्या सीटची कड घट्ट धरली.

"काय... काय म्हणते ती?"

डॉयलनं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणतात, माझ्या नवऱ्याकडे गाडी नाही. हायवेवर अंगठा दाखवत उभा असेल. त्याला लवकर घेऊन या, मी जेवायची थांबलेय."