नुसता आकडा

सत्त्याऐंशी साली घर रंगवायला काढलं, त्या आठवड्यातली ही गोष्ट.

सरांची दृष्टी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस, त्यांनी आंधळेपणालाही शिस्त लावली. बायकोने आधी दिशा सांगायची, मग पावलं. "डावीकडे सहा." "समोर तीन." घाईत ती नुसता आकडा बोलली, की शिकवणी सुरू.

"चहा किती गरम, त्याला आकडा पुरतो. ती अदिश राशी. चहापर्यंत जायचं कसं, त्याला दिशाही लागते. ती सदिश."

"मग बसवा मला नववीत," ती म्हणायची, "आणि चहा तुम्ही टाका."

त्या दिवशी रंगाऱ्याने सगळं सामान हलवलं होतं. मागचं दार कायम बंद असायचं आणि सरांची कॉट त्याला आडवी लावलेली. खुर्चीपासून उजवीकडे चार पावलं. आता ती कॉट डावीकडे, तेवढ्याच पावलांवर, खिडकीखाली गेली होती, आणि वास जावा म्हणून दार सताड उघडं होतं. दारापलीकडे अंगणात उतरणाऱ्या पाच पायऱ्या.

सकाळपासून सर विचारत होते. पाणी कुठे, चपला कुठे, खिडकी कुठे. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. दुपारी ती भांडी घासायला बसली, तशी पुन्हा हाक आली.

"अगं, पाठ टेकायचीय. कॉट किती पावलांवर?"

"चार!"

"कुठे?"

तिला ऐकू आलं. स्वच्छ ऐकू आलं. तिने नळ आणखी मोठा सोडला.

सर क्षणभर थांबले असतील. चार म्हणजे कॉट आपल्या जागेवरच आहे, असं समजून उजवीकडे निघाले.

दवाखान्यात लेक रंगाऱ्यावर तुटून पडली. "घरात आंधळा माणूस आहे, हे दिसत नव्हतं तुला? दार उघडं टाकलंसच कसं?"

"चुकलं, ताई," तो खाली मान घालून म्हणाला. "कॉट मीच हलवली."

आई सरांच्या पायावरची चादर सारखी करत राहिली. सारखीच होती ती.

"त्याला बोलू नकोस," सर म्हणाले. "माझंच चुकलं मोजताना."

दोघं बाहेर गेल्यावर ती वाकली. "अहो, मी..."

सरांनी चाचपडत तिचा हात धरला. "चारच पावलं होती," ते म्हणाले. "तुझा आकडा बरोबर होता."

खुब्याचं हाड नीट जुळलं नाही. सर त्यानंतर अकरा वर्षं जगले. "कुठे?" असं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, हात पुढे करून थांबायचे. रंगारी मोठा ठेकेदार झाला. चार माणसं हाताखाली असली तरी काम संपल्यावर घरातलं एकेक दार स्वतः ओढून बघतो म्हणे. लेकीने त्याला अजून माफ केलेलं नाही.

ती आता ऐंशीच्या पुढे आहे. भांडी स्वतःच घासते, आणि नळाची धार सुतळीएवढी ठेवते. लेकीला वाटतं, आई पाणी वाचवते.