चंद्रा कुणामागं पळते

"ती तुमच्यामागं पळत न्हाय, आण्णा. गाडीच्या आवाजामागं पळती," कृष्णातची लेक निशिगंधा म्हणाली.

कृष्णातनं प्लास्टरातला पाय स्टुलावर नीट ठेवला. दिवाळीचा पाडवा चार दिवसांवर आला होता. पाडव्याला कसबा बावड्यात म्हशी पळवतात. पुढं मालकाची मोटारसायकल, मागं त्याची म्हैस. दावं न्हाय, काठी न्हाय. तीन वर्षं चंद्रा त्याच्या मागं पळत होती. यंदा पाय मोडला, म्हणून तिला गोठ्यातच ठेवायचं त्यानं ठरवलं होतं.

"माझ्याबिगर ती पाऊल टाकायची न्हाय."

"आवाज झाला की पेंड मिळती, एवढंच ती शिकली हाय. कॉलेजात आमाला हेच शिकवत्यात. गाडी कुणी का चालवंना."

"मग तू चालव. बघूया की."

निशिगंधानं चंद्राचं दावं सोडलं आणि गाडीला किक मारली. सायलेन्सर काढलेली गाडी फटाफट ओरडली. चंद्रानं कान टवकारले. एकदा कृष्णातकडं बघितलं. मग शेपूट उभारून ती पोरीच्या मागं सुटली.

गल्लीत शिट्ट्या सुरू झाल्या. "पोरीनं पळवली की रं म्हैस!" शेजारचा केरबा ओरडला. "कृष्णात, नशीब काढलंस!"

कृष्णात हसला. पाडवा चुकणार नव्हता. पोरगी जिगरबाज निघाली होती. आनंदच व्हायला पाहिजे होता. पण मनात भलतंच येत होतं. तीन वर्षं रोज पहाटे जिच्या अंगावरनं हात फिरवला, तिच्या लेखी आपण नुसता आवाज?

वळसा घालून गाडी परत आली. दारासमोरनं दणाणत गेली. मागं चंद्रा.

"चंद्रेऽऽ!"

चंद्रा जागच्या जागी थांबली. निशिगंधानं मागं वळून बघितलं, गाडी कलंडली आणि ती कोपरावर आपटली.

केरबा धावला, पण ती आपली आपणच उठली. रक्त पुसत दारात आली.

"हाक का मारलासा, आण्णा? चांगली पळत हुती की!"

"मी?" कृष्णात गोंधळला. "गाडी दारातनं गेली, आन्..."

हाक आपसूक गेली, का आपणच मारली? निशिगंधा त्याच्या तोंडाकडं बघत उभी होती.

पलीकडं आडवी पडलेली गाडी अजून फटफटत होती. रस्त्याच्या मधोमध चंद्रा थांबलेली. एकदा गाडीकडं बघत होती, एकदा कृष्णातकडं.

कृष्णातनं मान खाली घातली.