बोलका प्लेअर

प्लेअरचा पडदा काळा झाला तो झालाच. वृषालीने बटण दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. काही नाही. कंपनीने घातलेलं सॉफ्टवेअर तिने आताच काढून टाकलं होतं आणि जगभरच्या हौशी लोकांनी मिळून फुकट बनवलेलं दुसरं त्यात घातलं होतं. ते नीट बसलं की वाटेतच अडकलं, कळायला मार्ग नव्हता. कीर्तनं जातील याची तिला काळजी नव्हती, त्यांची प्रत कॉम्प्युटरवर होती. हे जमलं नाही तर हाका तशाच चालू राहतील, याची तिला धास्ती होती.

हाका सासूबाईंच्या. साळुबाईंची नजर काचबिंदूने गेली आणि पुतण्याने, दादाभाऊने, कीर्तनं-भारुडं भरून हा बोटभर प्लेअर त्यांना आणून दिला. देणाऱ्याचं मन मोठं, पण सगळी यादी त्या पडद्यावर. दिसत नाही त्याने त्यात शोधायचं काय आणि कसं?

"वृषाले, पुढलं लाव गं."

"वृषाले, ह्ये न्हवं, कालचं व्हतं ते."

पिंपरी पेंढारच्या त्या घरात पुढच्या खोलीत वृषालीचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आणि मागच्या खोलीत सासूबाईंची खाट. गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर ओटीपी यायला आणि मागून हाक यायला नेमकी गाठ पडायची. ती उठायची, गाणं लावून द्यायची, पण "आता काय?" असं वसकन विचारल्याशिवाय नाही. एकदा तर दुकानात माणसं बसलेली असताना ती ओरडली, "पाच मिनिटं तरी सुखानं बसू द्या मला!"

त्या दिवशी पुन्हा हाक आली नाही. साळुबाई संध्याकाळपर्यंत बंद प्लेअर मांडीवर घेऊन बसून होत्या. वृषालीला ते दिसलं. तिला लाज वाटली, खरंच वाटली. पण घर कसं शांत झालं होतं, आणि ती शांतता तिला गोड लागली, हेही खरं. त्याच आठवड्यात तिने इंटरनेटवर हे बोलणारं सॉफ्टवेअर हुडकून काढलं. बटण दाबलं की यादीतलं नाव ते मोठ्याने सांगतं, ऐकायचं आणि हवं ते लावायचं. मराठी आवाज मात्र त्यात नव्हता, तो आपला आपण भरायचा होता. सूचनांमध्ये लिहिलं होतं, सावकाश बोला, स्पष्ट बोला, आवाजात घाई नको. वृषालीने दार लावून घेतलं, खिडकीला गोधडी लावली आणि एकेक शब्द मन लावून रेकॉर्ड केला. एखादा तुटक वाटला की पुन्हा म्हटला.

आता काळ्या पडलेल्या प्लेअरचं बटण तिने आणखी एकदा दाबलं आणि पडदा उजळला. प्लेअर तिच्याच आवाजात म्हणाला, "मुख्य यादी."

साळुबाई दोन दिवसांत सगळं शिकल्या. हाका थांबल्या. वृषालीचे फॉर्म वेळेवर जाऊ लागले, जेवण गरम गरम पानात पडू लागलं. नवऱ्याने, भरतने, आईचा प्लेअर चालवतानाचा व्हिडिओ स्टेटसला टाकला आणि वृषालीची पंचाईत सुरू झाली. अवसरी बुद्रुकहून माहेरचे फोन आले. आळ्याला दिलेल्या नणंदेने तर डोळ्यांत पाणी आलं म्हणून सांगितलं. सून असावी तर अशी! प्रत्येक कौतुकाने वृषाली आतून चोरासारखी होत होती. आपण हे केलं ते त्यांना ऐकता यावं म्हणून नाही, आपल्याला उठावं लागू नये म्हणून, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती कौतुक ऐकून हसायची आणि मग कुणाच्या नजरेला नजर देत नसे.

शेजारच्या झुंबरबाई आल्या त्या बातमी घेऊनच. बचत गट तिचा सत्कार करणार होता. शाल, नारळ, आदर्श सून म्हणून चार शब्द. वृषालीची कानशिलं गरम झाली. चहा ठेवते म्हणून ती आत सटकली. आधण येईपर्यंत तिने ठरवून टाकलं. बास झालं. झुंबरबाईंच्या देखत सांगून टाकायचं, आई, मला तुमच्या हाकांचा कंटाळा आला होता म्हणून केलं हे सगळं. मग सत्कार करायचा तर करा. ती कप घेऊन निघाली आणि मागच्या खोलीच्या दारापाशी आली.

"सूनबाईनं लई केलं बगा तुमच्यासाटी," झुंबरबाई म्हणत होत्या.

"केलं की," साळुबाई म्हणाल्या. त्यांचा अंगठा बटणावर होता. कीर्तनं, असं प्लेअर म्हणाला. मग भारुडं. मग मुख्य यादी. मग पुन्हा कीर्तनं.

"अवो, मग लावा की येखादं. नुसतंच काय मागं-पुढं करताय?"

"लावीन की. कीर्तन काय, कदीबी ऐकता येतंय." साळुबाईंनी प्लेअर कानाजवळ धरला आणि हसून म्हणाल्या, "ही आतली वृषाली लई ग्वाड बोलती बाई. कितींदाबी इचारा, वसकन अंगावर येत न्हाई."