झिजलेले बूट

अमेरिकेतल्या फोर्ट वेन शहरातल्या एका हॉटेलात सुपरहिरो नायिकांच्या बाहुल्यांचं प्रदर्शन भरलं होतं. भर दुपारी, सगळ्यांदेखत, परीक्षक प्रुइट यांनी लव्हॉन हॅचरच्या बाहुलीच्या खोक्यावर चिठ्ठी लावली: ‘वापरलेली’.

लव्हॉनच्या डोक्यात तिडीक गेली. “बावीस वर्षं झाली ही आणून. कारखान्याची चिकटपट्टीसुद्धा मी सोडवलेली नाही. वापरलेली कुणाला म्हणता?”

“बाई, बुटांचे तळ बघा.”

बाहुली उडत असल्यासारखी आडवी बांधलेली होती. बाजूच्या पारदर्शक कागदातून तिच्या बुटांचे तळ दिसत होते. दोन्ही टाचा एका अंगानं पार झिजल्या होत्या.

“अहो, ही आकाशात उडणारी नायिका. हिचे बूट झिजतील कशाला? कारखान्याचं पाप माझ्या माथी मारू नका.”

प्रुइटनी भिंग घेऊन खोक्याच्या चारही कडा तपासल्या. “पट्टी मूळचीच आहे,” ते ओशाळून म्हणाले.

“मग आता उघडा. आणि या सगळ्यांसमोर माझी माफी मागा.”

त्यांनी पट्टी कापली. आतल्या तारा बाहुलीच्या कमरेला आणि मनगटांना घट्ट आवळलेल्या होत्या. टाचेच्या फटीत काहीतरी अडकलं होतं. प्रुइटनी चिमट्यानं ते ओढलं आणि लव्हॉनच्या तळहातावर ठेवलं. हिरव्या लोकरीचा धागा होता.

लव्हॉननं तो लगेच ओळखला. ही लोकर तिनं स्वतः रंगवली होती. त्याच लोकरीचा विणलेला गालिचा गेल्याच आठवड्यात तिनं आपल्या पलंगाच्या उशाशी अंथरला होता.