पाच डहाळ्या

घरात दोन म्हशी, अंगणात कोंबड्या, आणि सून सकाळी उठून फिरवते काय? तर परक्याची कुत्री! आनंदीबाईंना आठ दिवस हे गिळवत नव्हतं. बरं, विचारलंही नाही. "ह्यांना विचारलं," म्हणाली. नवऱ्याला विचारलं म्हणजे कोणाला विचारलं? जितेश कुंभिवलीच्या कंपनीतून रात्रपाळी करून येतो, झोपेत कशालाही हो म्हणतो.

म्हणून आज त्या स्वतःच वनिताच्या मागोमाग निघाल्या. बंगला जंगलाच्या फाटकाला लागूनच होता. मालकीण रिया तीन पट्टे हातात घेऊन पायरीवर उभी होती.

"अरे वा, आजी! तुम्ही पण?"

"परत आल्यावर बोलते तुमच्याशी," आनंदीबाई म्हणाल्या.

काय बोलणार ते वनिताला ठाऊक होतं. उद्यापासून आमची सून येणार नाही, एवढंच. तिने दोन पट्टे उजव्या हाताला गुंडाळले, एक डाव्या, आणि फाटक गुडघ्याने ढकललं.

आत शिरलं की वाटेवर वाघोबाचा दगड लागतो. रानात जाणाऱ्याने हिरवी डहाळी मोडायची आणि दगडावर ठेवायची. जितकी डोकी आत, तितक्या डहाळ्या. मग वाघोबा मोजून आत सोडतो आणि मोजून बाहेर. वनिताने एक ठेवली. मग आणखी तीन मोडल्या.

"ह्या कुनाच्या गं?"

"ह्यांच्या." तिने कुत्र्यांकडे हनुवटी केली. "तेपन आतच चाललेत ना, आई."

"म्हंजे आता आमी न् कुत्री येका पंगतीला! लोधिवलीला तुझ्या आयशीनं ह्येच शिकवलं व्हय?"

आनंदीबाई तरातरा पुढे निघाल्या. रागाच्या भरात पावकोस चढून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आपली डहाळी ठेवायची राहिली. साठ वर्षं लाकडाला, करवंदाला, रानभाजीला या वाटेने आल्या, कधी राहिली नव्हती. मागे फिरावं, तर सुनेला सांगावं लागणार. त्या चालत राहिल्या, पण उगाचच मागे बघत.

वळणावर ठाकरवाडीतला धाकलू भेटला. डोक्यावर भारा होता, तरी तोंड मोकळंच.

"काय वो आनंदीबाय, सासू-सून दोघी लागल्या का कामाला? म्हशी इकल्या वाटतं!"

"तुझी जीब इक आधी, कुनी घेतंय का बघ," आनंदीबाई म्हणाल्या. धाकलू हसत खाली गेला. त्याच्या तोंडून हे दुपारपर्यंत गावभर होणार होतं.

"आयकलंस?" त्या सुनेला म्हणाल्या. "साठ वर्सांत ह्या वाटंवर माझ्यावर कोन हसला नव्हता."

वनिता खाली बघत म्हणाली, "आई, नका सांगू त्या ताईंना. सकाळचा हा येक तास माझा हाय. घरी दिसभर समदे मला हाका मारतात."

आनंदीबाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि पुढचं पाऊल उचललं.

"बस!"

तिन्ही कुत्री जागच्या जागी बसली. आनंदीबाईंचाही उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला.

"तुमाला नाय वो, आई," वनिता घाईने पुटपुटली.

"कळलं मला. हळू बोल."

पाच हातांवर पाचोळा हलत होता. रानकोंबडी बाहेर आली. मागे पिल्लं, सुपारीएवढी. कोंबडी वाटेच्या मधोमध थांबली, मान वाकडी करून सगळ्यांना न्याहाळलं, आणि मग सावकाश पलीकडे निघाली. काळा कुत्रा अंगभर थरथरत होता. जिभेवरून लाळ गळत होती. पण बूड उचलत नव्हता. वनिताने पट्टा ओढलाही नव्हता, नुसतं एक बोट वर केलं होतं.

शेवटचं पिल्लू दगडावरून गडगडलं, उठलं, आणि झुडपात शिरलं. वनिताने बोट खाली घेतलं.

आनंदीबाई त्या बोटाकडे बघत होत्या. त्यांच्या घरात एका शब्दावर बसणारं कोणी असेल, तर ते फक्त त्यांच्या शब्दावर. पोरांना, नातवंडांना, म्हशींना तशी सवय लावायला त्यांची हयात गेली होती. ह्या पोरीने आठ दिवसांत लावली, तीही परक्याच्या जनावरांना.

"चला," वनिता म्हणाली. कुत्री उठली. आनंदीबाईही निघाल्या.

उतरताना त्या वाघोबाच्या दगडापाशी रेंगाळल्या. डहाळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. तीन कुत्र्यांच्या, एक वनिताची. पाचवी जरा बाजूला होती, ऐनाची, वाऱ्याने उडू नये म्हणून वर खडा ठेवलेली.

वनिता पुढे गेली होती.

बंगल्याच्या पायरीवर रिया वाट बघत होती. "आजी, काहीतरी बोलायचं होतं ना?"

वनिता खाली बसून पट्ट्याची गाठ सोडत बसली. गाठ केव्हाच सुटली होती.

"व्हय," आनंदीबाई म्हणाल्या. "ह्यो काळा लई वढतो. त्याला रुंद पट्टा आना. गळ्याला काचतोय त्याच्या."

घराच्या वाटेवर म्हसोबाच्या देवळाची पायरी लागते, तिथे आनंदीबाई थांबल्या. सुनेकडे न बघता त्यांनी पदर खोचला.

"माझी म्हनून ऐनाची ठेवलीस," त्या म्हणाल्या. "आपल्या घरात जांभळाची ठेवतात. येवढी वर्सं झाली नांदायला, येवढं शिकली नायस. ऱ्हाऊंदे. उद्या माझी मी मोडीन."