अर्धा फेरा

"दोन चेंडू तळहातावर ठेवायचे आणि बोटांनीच गोल फिरवायचे," केतकी बागेतल्या व्यायामवर्गात शिकवत होती.

"हिला नाही जमणार. अर्धांगवायूने हात लुळा पडलाय. ही नुसती बघेल," विलासराव म्हणाले. वर्षभर बायकोच्या वतीने सगळं तेच बोलत होते.

शालनताईंनी हट्टाने त्याच हातात चेंडू घेतले. ते पडले. पुन्हा पडले. दर वेळी विलासराव उचलून देत. "राहू दे गं."

"अहो, हात लावू नका!" शालनताई कडाडल्या. "माझी जीभ लुळी पडलेली नाही. माझे चेंडू मी उचलीन."

बाकाला धरून त्या खाली बसल्या, गवतातून चेंडू वेचले आणि बोटं रेटली. एक चेंडू दुसऱ्याभोवती अर्धाच फिरला.

"अर्धा झाला," त्या म्हणाल्या. "आता मध्ये बोलू नका."