आधी तुम्ही

"आधी तुम्ही," म्हणत दिवाणजींनी औषधाचा पेला पुढे सरकवला.

डॉक्टरच्या डोक्यात तिडीक गेली. तीस वर्षं महाराजांच्या प्रत्येक औषधातला अर्धा पेला आधी त्याच्या घशाखाली जात होता. का, तर हा परमुलखातून आलेला. याच दरबारात त्याचे केस पिकले, तरी तो परका तो परकाच!

"विष द्यायचं असतं तर तीस वर्षं थांबलो असतो का?" तो कडाडला.

"नियम म्हणजे नियम, डॉक्टरसाहेब."

त्याने रागारागाने अर्धा पेला रिचवला आणि उरलेलं औषध महाराजांना पाजलं. त्यांना लगेच गाढ झोप लागली. मग त्याने त्यांचं मनगट धरलं. नाडी मात्र थाडथाड उडत होती, संतापलेल्या माणसासारखी.

"काय म्हणतेय नाडी?" दिवाणजी हसले. "का तुमच्या मुलखात विचारून यायचंय?"

डॉक्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच क्षणी बोटांखालची नाडी दुप्पट धावू लागली. महाराजांची पापणीसुद्धा हलली नव्हती.

दुसऱ्या हाताने त्याने स्वतःचं मनगट चाचपलं, मग गळा. कुठेच नाडी लागेना.

"झालं ना?" दिवाणजी खेकसले. "सोडा आता महाराजांचा हात."